पारिजातकाचा काढा आणि उतरलेला ताप



वर्षावासाचे दिवस आहेत. विहारात रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन झालं की माणसं लगेच उठत नाहीत. सतरंजीवर बसल्या बसल्या कुणाचे गुडघे, कुणाचं लेकरू, कुणाची साखर असं बोलणं निघतं आणि मग आम्हाला पुढे बोलावतात. आम्ही म्हणजे पूर्वी दवाखान्यात नोकरी केलेल्या आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या काही जणी. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठल्याही तालुक्यात जा, या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो : “सिस्टर, तापावर पारिजातकाचा काढा देऊ का?”

‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ एवढ्यावर हे उत्तर संपत नाही, म्हणून या वेळचं आरोग्याचं पान पारिजातकावर.

आधी एका घरात काय झालं ते सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही. सोयाबीन काढणीचे दिवस होते. घरातली सून, पंचविशीच्या आतबाहेरची, मजुरीने काढणीला जात होती. एका संध्याकाळी तिला सडकून ताप भरला. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर-पाठ मोडून आलेली. काढणीचे दिवस म्हणजे वर्षातले चार पैसे मिळायचे दिवस. दवाखान्यात जायचं तर जिचा ताप तिची आणि सोबत जाणाऱ्याची, अशी दोघांची मजुरी बुडणार. सासूबाईंनी दारातल्या पारिजातकाची पानं तोडली, उकळली, गाळून सकाळ-संध्याकाळ पाजली. चौथ्या दिवशी ताप उतरला. सून उठून बसली, अर्धी भाकर खाल्ली. सासूबाईंनी आनंदाने शेजारणीलाही पानं दिली.

पाचव्या दिवशी सकाळी पोटात कळा सुरू झाल्या. उलट्या थांबेनात. हातपाय गार पडले. दुपारी ती धड बोलेना, तेव्हा जीप करून नांदेडला नेलं. डेंग्यू निघाला. सून वाचली. पण दोन शेळ्या गेल्या, गळ्यातलं सोनं गहाण पडलं, बचत गटाच्या बायांनी वर्गणी केली ती वेगळीच. सून घरी आली त्याच आठवड्यात सासूबाईंनी कुऱ्हाड घेतली आणि पारिजातक बुंध्यापासून तोडून टाकला.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसून होत्या. “म्या माझ्या हातानं पाजलं, सिस्टर,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

आम्ही त्यांना त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहोत. झाडाने विष घातलं नव्हतं. डेंग्यूचा ताप काढा दिला नसता तरी साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतोच, आणि या आजाराचा खरा धोका ताप उतरतानाच सुरू होतो. रक्तातलं पाणी बारीक रक्तवाहिन्यांमधून बाहेर झिरपायला लागतं, रक्तदाब पडतो, पोटात किंवा हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे की ताप गेला म्हणजे दुखणं गेलं. डेंग्यूत हे शिक्षण उलटं पडतं. काढ्याने घात केला तो एवढाच, की ‘औषध लागू पडलं’ असं घरादाराला वाटलं आणि जे चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बघायचे होते ते निर्धास्तपणे गेले.

आता झाडाकडे येऊ. कारण ज्याला आपण औषध म्हणतो ते नीट ओळखता आलं पाहिजे.

पारिजातक, प्राजक्त किंवा खुरासळी. मोठं झुडूप किंवा लहान झाड, कोवळी फांदी चौकोनी, पानं समोरासमोर, आणि पान खरखरीत इतकं की सुतार जुन्या काळी लाकूड घासून गुळगुळीत करायला ते वापरत. आजही लेकरं हे पान एकमेकांच्या गालाला घासून पळतात. फूल पांढरं, पाच ते आठ पाकळ्यांचं, देठ केशरी. संध्याकाळी उमलतं, रात्रभर घमघमतं आणि उजाडता उजाडता गळून पडतं. फळ चपटं, रुपयाएवढं, दोन बियांचं. बहर पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीच्या पुढेमागे. म्हणजे वर्षावास, तापाची साथ आणि पारिजातकाचा बहर हे तिन्ही एकाच वेळी येतात. काढ्याची सवय आपल्याकडे रुजली त्यात याचाही वाटा असणार. औषध दारात असतं तेव्हाच दुखणं येतं.

वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव निक्टॅन्थस आर्बर-ट्रिस्टिस. पहिल्या शब्दाचा अर्थ रात्रीचं फूल, पुढच्या दोन शब्दांचा अर्थ दुःखी झाड. हे नाव लिनियसने १७५३ साली दिलं, पण ‘दुःखी झाड’ हे त्याच्या आधीचं आहे. गार्सिया द ओर्ता नावाचे पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होते. त्यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या झाडाला तेच नाव दिलं आहे. एका सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली, त्याने तिला सोडलं, तिने जीव दिला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं, म्हणून त्याची फुलं सूर्याचं तोंड बघत नाहीत, अशी इथल्या लोकांकडून ऐकलेली गोष्टही त्यांनी नोंदवली. सत्यभामा आणि रुक्मिणीची गोष्ट तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. अशा गोष्टींत आम्ही फार शिरत नाही. एक मात्र गमतीचं वाटतं. जमिनीवर पडलेलं फूल पूजेला चालत नाही असा नियम सांगतात, पण पारिजातकाचं तेवढं चालतं. तोडायला गेलं तर हे फूल हातात कोमेजतं, तेव्हा नियमालाच वाकावं लागलं. फुलासाठी वाकणारा नियम माणसासाठी वाकायला किती शतकं लागली, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

गार्सिया द ओर्तांनी आणखी एक उपयोग लिहून ठेवला आहे. केशरी देठांनी केशरासारखा स्वयंपाकाला रंग देत. यात तथ्य आहे. केशराला ज्या रंगद्रव्याने रंग येतो, त्याच जातीचं द्रव्य पारिजातकाच्या देठात असतं. कापडही या देठांनी रंगवतात, विशेषतः रेशीम. श्रीलंकेत या झाडाला सेपालिका म्हणतात आणि तिथे भिक्खूंची वस्त्रं रंगवायला हे देठ वापरत आले आहेत.

चीवर रंगवण्याची हकीकत विनयपिटकातल्या महावग्गात आहे आणि ती आम्हाला फार आवडते, कारण तिच्यात अडचण आहे, उपाय आहे आणि चाचणीही आहे. भिक्खू सुरुवातीला शेणाने आणि पिवळ्या मातीने वस्त्रं रंगवत. रंग वाईट यायचा. तेव्हा तथागतांनी सहा प्रकारच्या रंगांना परवानगी दिली : मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांपासून केलेल्या. पुढे रंग कच्चा राहू लागला, तेव्हा तो उकळून घ्यायला सांगितलं. मग प्रश्न आला, उकळला की नाही हे कळणार कसं? तर एक थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून बघा. पुढच्या काळात अट्ठकथेने यातल्या काही वनस्पती वगळल्या. मुळांमध्ये हळद वगळली, फुलांमध्ये पळस आणि करडई. वसमतची हळद, माळावरचा पळस आणि रब्बीतली करडई, तिन्ही आपल्या ओळखीच्या, आणि नेमक्या तिन्ही यादीबाहेर! पारिजातकाला मात्र आडकाठी नाही. कुणाला करून बघायचं असेल तर देठ सावलीत वाळवून पाण्यात उकळायचे, गाळून त्यात तुरटी टाकायची आणि ओलं सुती कापड बुडवायचं. रंग सुंदर येतो, पण उन्हाने आणि धुण्याने लवकर उतरतो, हे आधीच सांगून ठेवतो.

थेंब टाकून बघण्याची ही रीत ताप आल्यावरही हवी आहे. तिथे थेंब रक्ताचा.

तर आता औषधाबद्दल. पारिजातकाच्या पानांचा काढा गृध्रसीवर, म्हणजे कमरेपासून पायात उतरणाऱ्या कळेवर, द्यावा असं चक्रदत्त या जुन्या वैद्यकग्रंथात आहे. तिथे शब्द ‘शेफालिका’ असा आहे, आणि शेफालिका म्हणजे पारिजातक की निर्गुडी, यावर वैद्यांमध्येही दोन मतं आहेत. आपल्या ओढ्याकाठची निर्गुडीही सुजेवर आणि सांध्यांवर वापरतातच. एकाच नावाखाली दोन झाडं जातात, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

प्रयोगशाळेत काय दिसलं? १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पारिजातकाच्या पानांच्या अर्काने उंदरांची सूज कमी झाली. १९८७ मध्ये त्याच संशोधकांनी पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्काने उंदरांचं दुखणं ॲस्पिरिनसारखं कमी झालं आणि तापही उतरला. म्हणजे आपल्या आज्या उगाच पानं उकळत नव्हत्या. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी काढ्याच्या जाहिराती करणारे कधी सांगत नाहीत. सलग सहा दिवस तोंडाने अर्क दिल्यावर उंदरांच्या जठरात जखमा झाल्या, आणि मात्रा वाढवली तशा त्या वाढल्या. ॲस्पिरिनसारखा गुण आणि ॲस्पिरिनसारखाच दोष. ‘झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. ज्याचा काही परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो. कशाचाच परिणाम नाही असं फक्त साधं पाणी, आणि तेही उकळून प्यावं लागतं.

डेंग्यूच्या संशयात ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या आणि त्यांची इंजेक्शनं आम्ही घेऊ देत नाही, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. मग उंदरांच्या जठराला जखमा करणारा काढा त्याच दिवसांत कसा चालेल? पॅरासिटामॉल चालतं, वजनाच्या मापाने.

मलेरियाचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि थेट माणसांवरचा आहे, म्हणून त्याला जरा जास्त जागा देतो. मुंबईत आयुर्वेदाच्या आणि आधुनिक वैद्यकाच्या संशोधकांनी मिळून मलेरियाच्या १२० रुग्णांना पारिजातकाच्या ताज्या पानांचा कल्क दिला : मध्यम आकाराची पाच पानं वाटून, दिवसातून तीन वेळा, ७ ते १० दिवस. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ जण सात दिवसांत बरे झाले, आणखी २० जण दहाव्या दिवसापर्यंत. उरलेल्या ८ जणांवर उपचार लागू पडला नाही.

हे आकडे विहारात सांगितले की टाळ्या पडतात. आम्ही म्हणतो, थांबा, त्या आठांचं बघू. हे रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते, त्यांचं रक्त तपासलं जात होतं. औषध लागू पडत नाही हे तिथे कळणार होतं आणि लगेच दुसरं देता येणार होतं. आपल्या ओट्यावर तो आठवा माणूस कसा ओळखणार? मलेरियाचा फाल्सिपेरम हा प्रकार मेंदूपर्यंत गेला तर दोन-तीन दिवसांत माणूस नेतो. सातव्या दिवसाची वाट बघायला वेळ नसतो. दुसरा प्रकार व्हायवॅक्स. त्याचे जंतू यकृतात लपून बसतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यासाठी क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांसोबत प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं (गरोदर बाईला आणि तान्ह्या लेकराला ते देत नाहीत). हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. आशाताईंकडून बोटाच्या थेंबावर तपासणी होते. दहा दिवस तीन वेळा कडू पानं वाटण्यापेक्षा तो थेंब सोपा आहे.

झाडपाल्याला कमी लेखायचं म्हणून आम्ही हे सांगत नाही. मलेरियावरचं क्विनीन सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये वेगळं केलं. आज फाल्सिपेरमवर दिलं जाणारं आर्टेमिसिनिन चीनमधल्या एका रानटी झुडपातून आलं. तू यूयू या बाईंनी जुन्या चिनी ग्रंथातली नोंद वाचून, अर्क काढण्याची रीत बदलून, प्राण्यांवर तपासून, मग स्वतः घेऊन पाहिलं. त्यांना २०१५ चा नोबेल पुरस्कार मिळाला. गोळी सुद्धा झाडातूनच आली आहे. फरक इतकाच की गोळीत किती औषध आहे ते मोजलेलं असतं. दारातल्या पानात ते किती आहे, हे झाडाचं वय, ऋतू आणि पातेल्यातलं पाणी ठरवतं.

एका विहारात एका तरुण उपासकाने आम्हाला जीवकाची गोष्ट ऐकवली. तक्षशिलेच्या गुरूंनी जीवकाला सांगितलं, एक योजनभर फिर आणि औषधी नसलेली एक तरी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परत आला. अशी वनस्पती सापडलीच नाही. “म्हणजे सगळंच औषध आहे ना, सिस्टर?” बरोबर आहे. पण जीवक हे सात वर्षं शिकून झाल्यावर करत होता. आणि त्याने रोगी बघितल्याशिवाय औषध दिल्याचं महावग्गात कुठे नाही.

इथे आमचीही एक चूक कबूल करतो. नर्सिंगचा डिप्लोमा करून नोकरीला लागलो तेव्हा आमच्या डोक्यात पुस्तकच होतं. काढा पाजून आणलेलं लेकरू दिसलं की आम्ही आईला वॉर्डात सगळ्यांसमोर रागवायचो. २००६ साली मराठवाड्यात चिकनगुनियाची मोठी साथ आली. गावंच्या गावं खाटेला खिळली. बाया भिंतीला धरून उठायच्या, वेणी घालायला हात वर जात नसत. त्या साथीत घरोघर पारिजातकाची पानं उकळत होती आणि आम्हाला कुणी एका शब्दाने सांगत नव्हतं. रागवण्याचा परिणाम एवढाच झाला होता : काढा थांबला नाही, सांगणं थांबलं. ‘अडाणी’ म्हणून आपण ज्यांना झिडकारलं त्या बायांना पिढ्यानपिढ्या दवाखान्याच्या दारात कोण उभं करत होतं? वैद्य पुड्या लांबून टाकायचा, नाडीला हात लावायचा नाही. अशा वेळी आईला जे पान ठाऊक होतं तेच औषध होतं. ते ज्ञान टाकून द्यावं असं आम्हाला वाटत नाही. तपासून घ्यावं असं वाटतं.

म्हणून आता आम्ही पहिला प्रश्न असा विचारतो : काय काय दिलं, कधीपासून, किती? आणि रागवत नाही. दवाखान्यात गेल्यावर तुम्हीही डॉक्टरांना काढ्याचं सांगा. रागावले तर रागावू द्या, पण सांगा.

सांध्यांच्या जुनाट दुखण्याचं वेगळं आहे. चिकनगुनियानंतर महिनोन्महिने सांधे धरतात. हळद काढणाऱ्या, निंदणी-खुरपणी करणाऱ्या बायांच्या कमरा आणि गुडघे चाळिशीतच बोलू लागतात. ताप नाही, दुखणं ओळखीचं आहे, डॉक्टरांनी एकदा बघितलेलं आहे, अशा मोठ्या माणसाने चार-पाच पानांचा काढा जेवणानंतर थोडे दिवस घेऊन पाहिला तर आम्ही आडवं येत नाही. पोटात जळजळ झाली, शौच पातळ किंवा काळं झालं तर त्याच दिवशी बंद. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना नको, लहान लेकरांना नको, अल्सर असलेल्यांना नको, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांना नको. वाटलेली पानं गरम करून वरून बांधणं हा त्याहून निर्धोक उपाय. कातडीला खाज सुटली तर काढून टाकायचं.

पण काढ्यापेक्षा आम्हाला जास्त भीती वाटते ती बाजारात मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांची. ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून सांध्यांवर देतात, दोन दिवसांत बाई पळायला लागते. इतक्या झटपट गुण देणाऱ्या पुडीत बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळतो. अशी पुडी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता ती नावाची गोष्ट. हल्ली मुलं मोबाइलवर बघून सांगतात, “नाइट जास्मिनची पानं घ्या.” नाइट जास्मिन हे नाव पारिजातकालाही लावतात आणि रातराणीलाही. रातराणी विषारी आहे. तिची पानं आणि फळं पोटात जाता कामा नयेत. ओळख सोपी आहे : रातराणीचं पान गुळगुळीत, लांबट, एकाआड एक, फुलं हिरवट पांढरी, बारीक नळीसारखी, घोसात. पारिजातकाचं पान खरखरीत, समोरासमोर, फांदी चौकोनी, देठ केशरी. दोघांचाही वास रात्रीच सुटतो, त्यामुळे नुसत्या वासावर जाऊ नका. रोपवाटिकेतून ‘नाइट जास्मिन’ म्हणून आणलेल्या रोपाला फूल येईपर्यंत त्याचं पान उकळायचं नाही. कोरोनाच्या काळात असाच घोळ गुळवेलीबद्दल झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने वेगळी वेल घेतली गेली असावी असं म्हटलं. खरं काय ते तज्ज्ञ ठरवोत. रोग्याच्या यकृताला दोन्ही सारखंच.

तापाचं मात्र आम्ही ठाम सांगतो. या दिवसांत ताप आला की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच रक्त तपासा, मलेरियासाठीही आणि डेंग्यूसाठीही. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी असते, त्यानंतर दुसरी करावी लागते. तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, ताक, भाताची पेज, ओआरएस. ताप उतरल्यावर पुढचे दोन दिवस रोग्याला एकटं सोडू नका, रानात पाठवू नका. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, गार पडलेले हातपाय, सहा तासांत लघवी नाही, रोगी सुस्त किंवा बेचैन, यातलं एक जरी दिसलं तरी उजाडायची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. काय करावं कळत नसेल तर १०४ वर विचारता येतं.

आणि डास. डेंग्यू-चिकनगुनियाचा डास दिवसा चावतो आणि घाण नालीत नव्हे, आपण पिण्यासाठी भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. चार दिवसांनी नळ येणाऱ्या वस्तीत रांजण आणि टाक्या भरून ठेवाव्याच लागतात, हा बायांचा दोष नाही, पाणीपुरवठ्याचा आहे, आणि ग्रामसभेत तो मांडला पाहिजे. तोवर आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून आतून घासायची. नुसती उपडी करून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम.

त्या सासूबाईंच्या घरी आम्ही पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गेलो. तोडलेल्या बुंध्याला कमरेएवढे धुमारे फुटले होते. त्यांनी ते काढले नव्हते. सुनेने अंगणातला रांजण घासून उपडा घातला होता आणि त्यावर खडूने वार लिहिला होता. सासूबाई म्हणाल्या, “झाड पुन्हा आलं, सिस्टर. आता याचं काय करू?”

“गुडघ्याला वाटून बांधा,” आम्ही म्हणालो, “आणि फुलं आली की देठ ठेवा आमच्यासाठी.” गेल्या आश्विन पौर्णिमेला त्यांनी वर्तमानपत्राच्या पुडीत मूठभर वाळलेले देठ विहारात आणून दिले. त्यात एका पांढऱ्या रुमालापुरता रंग निघाला.